टाळे उघडते कोणासाठी?

(कळमनुरी, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



'टाळेबंदी' हा शब्द कामगार चळवळीला नवा नाही. मालकाने गिरणीच्या फाटकाला कुलूप लावून कामगारांना बाहेर ठेवले, म्हणजे ती टाळेबंदी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिची व्याख्या होती, ती बेकायदा केव्हा ठरते याची कलमे होती आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची वाटही होती. मार्च २०२० मध्ये हाच शब्द साऱ्या देशाला लागू झाला. फरक एवढाच, की या टाळेबंदीत समोरासमोर बसून बोलणी करण्याची जागाच नव्हती.

कुलूप घालण्याची घाई समजण्यासारखी होती. साथ दाराशी आली असताना सभा बोलावून मते घेत बसणे कोणालाही शक्य नव्हते. परंतु कुलूप काढण्याचे काम दोन वर्षे चालले. कोणते दार आधी उघडायचे, कोणते नंतर आणि कोणत्या अटींवर, हे शांतपणे ठरवण्यास पुरेसा अवधी होता. तो निर्णय कोणाला विचारून झाला आणि कोणाला विचारलेच गेले नाही, हा आजचा विषय आहे. त्यासाठी उदाहरण घ्यायचे ते करमणुकीच्या जागांचे: एका बाजूला शहरांजवळची मनोरंजन उद्याने आणि दुसऱ्या बाजूला मराठवाड्यातल्या जत्रा.

विषय काहींना क्षुल्लक वाटेल. माणसे मरत असताना पाळण्यांची चर्चा कशाला, असा प्रश्न येईल. पाळण्यात बसणाऱ्यासाठी ती दहा मिनिटांची मौज असते हे खरे. पण पाळणा उभारणाऱ्याची, तो फिरवणाऱ्याची आणि त्याच्या सावलीत रेवड्या व बांगड्या विकणारीची ती वर्षाची भाकरी असते. भाकरीचा प्रश्न क्षुल्लक मानण्याची चूक समाजवाद्यांनी तरी करू नये.

कळमनुरीत मनोरंजन उद्यान नाही. इथल्या शेतमजुराला खोपोलीच्या 'इमॅजिका'चे तिकीट परवडणारे नाही आणि तिथवरच्या प्रवासाचा खर्च तर त्याहून नाही. त्याचे उद्यान म्हणजे हिंगोलीचा दसरा. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगणाऱ्या या उत्सवात रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, आकाशपाळणे उभे राहतात, 'मौत का कुआ'त मोटारसायकल घुमते. सोयाबीनचे पहिले पैसे हाती आलेले असतात आणि कळमनुरी, औंढा, सेनगावकडची कुटुंबे मुलाबाळांसह हिंगोलीची वाट धरतात. पुढे मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा येते. तिथे जनावरांच्या बाजाराला लागूनच तमाशाच्या कनाती उभ्या राहतात. मग औंढा नागनाथची महाशिवरात्र आणि त्यानंतर चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि उरूस. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत ही साखळी चालते आणि हजारो माणसे तिच्या एकेका कडीला धरून जगतात.

ही साखळी तुटली कशी, ते तारखाच सांगतात. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च. त्या दिवशी गुढीपाडवा होता. तमाशाच्या धंद्यात पाडव्याला काय मोल आहे, हे नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन पाहावे. गावकारभारी तिथे येतात, सुपारी देतात आणि पुढच्या दोन महिन्यांतल्या जत्रांचे खेळ ठरतात. फडमालकाने कलावंतांना उचल दिलेली असते आणि त्या उचलीसाठी स्वतः कर्ज काढलेले असते; ते फिटते ते याच दोन महिन्यांत. २०२० चा पाडवा बुडाला. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी रात्री राज्यात दुसऱ्या लाटेचे कडक निर्बंध सुरू झाले. सारे निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ रोजी, तिसऱ्या पाडव्याच्या आदल्या दिवशी. दोन हंगाम असे ओळीने कोरडे गेले.

आता इतर दारे केव्हा उघडली ते पाहू. जून २०२० पासून 'पुनश्च हरिओम' म्हणत राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली. हे शब्द टिळकांचे. प्लेगच्या काळातील लेखनामुळे तुरुंगात जाऊन आल्यावर १८९९ मध्ये 'केसरी'ची सूत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी ते वापरले होते. ५ ऑक्टोबर २०२० रोजी उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या क्षमतेने उघडली. ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहे उघडली, तीही बंदिस्त आणि वातानुकूलित. १६ नोव्हेंबरला देवळे, मशिदी आणि इतर प्रार्थनास्थळे उघडली; त्यापूर्वी राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यातला पत्रव्यवहार साऱ्या देशात गाजला. डिसेंबरअखेर मनोरंजन उद्यानांना परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत हे सारे पुन्हा बंद झाले आणि पुन्हा क्रम लागला: ७ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रार्थनास्थळे, २२ ऑक्टोबरला चित्रपटगृहे, नाट्यगृहे आणि पाण्यातले खेळ वगळून मनोरंजन उद्याने. पहिली ते चौथीच्या ग्रामीण शाळांना मात्र परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ रोजी. उद्यानातला पाळणा फिरू लागल्यानंतर चाळीस दिवसांनी खेड्यातल्या मुलाला पहिलीच्या वर्गात बसता आले. मद्यालयाचे दार तर त्याच्या शाळेच्या दाराच्या वर्षभराहून अधिक आधी एकदा उघडून गेले होते.

या यादीत जत्रा कुठे आहे? ती नाहीच. माळेगावची यात्रा दोन वर्षे भरली नाही. ती पुन्हा भरली डिसेंबर २०२२ मध्ये. तिथीप्रमाणे ती जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात यायची होती. त्याच आठवड्यात, १५ जानेवारीला, राज्यातील सुमारे १४ हजार ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रचार झाला, बैठका झाल्या, मतदानाच्या रांगा लागल्या. त्यात गैर काही नव्हते. लोकशाहीला निवडणूक हवीच. पण निवडणुकीसाठी काळजी घेऊन माणसे एकत्र आणता येतात, हे ज्या व्यवस्थेने मान्य केले, तिने पाच पाळणे आणि दहा दुकाने अंतरावर उभी करून चालवता येतील का, हा प्रश्न विचारूनही पाहिला नाही. एप्रिल २०२१ मध्ये पंढरपूर मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली, प्रचारसभा झाल्या. आणि जुलैत त्याच पंढरपुराकडे संतांच्या पालख्या सलग दुसऱ्या वर्षी एस.टी. बसमधून मोजक्या माणसांनिशी गेल्या.

असे का झाले? कोणा एका मंत्र्याचा वा अधिकाऱ्याचा जत्रेवर राग होता असे नाही. कारण अधिक साधे आणि अधिक खोल आहे. उद्यानाला भिंत असते, फाटक असते, तिकीट असते. आत किती माणसे आहेत ते मोजता येते. 'निम्म्या क्षमतेने' हा शब्द तिथे अर्थपूर्ण ठरतो. उद्यानाला मालक असतो, मालकांची देशव्यापी संघटना असते आणि ती मंत्रालयात निवेदन घेऊन जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२० रोजी मनोरंजन उद्यानांसाठी खास कार्यपद्धती जाहीर केली. रांगेतल्या अंतरापासून खेळण्यांच्या निर्जंतुकीकरणापर्यंत साऱ्या सूचना त्यात होत्या. सणसमारंभ आणि मेळ्यांसाठीही त्याच सुमारास सूचना निघाल्या. पण त्या 'आयोजक' नावाचा कोणी एक जबाबदार धनी गृहीत धरून लिहिलेल्या होत्या. जत्रेला असा धनी नसतो. देव गावाचा, मैदान नगर परिषदेचे वा पंचायतीचे, पाळणा एकाचा, वीज दुसऱ्याची, दुकान तिसऱ्याचे. ज्याला फाटक नाही त्याला नियम नाही, आणि ज्याला नियम नाही त्याला परवानगी नाही. शासनाच्या डोळ्यांना फाटकवाले दिसतात. उघड्या मैदानावरचे दिसत नाहीत.

फाटकाच्या आतल्या कामगाराचे सारे चांगले झाले, असा समज मात्र करून घेऊ नये. जगातली सर्वांत मोठी उद्याने चालवणाऱ्या अमेरिकेतील डिस्ने कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिचे शांघायचे उद्यान २५ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि ११ मे रोजी तीस टक्क्यांहून कमी प्रेक्षकांनिशी उघडले. फ्लोरिडा राज्यातले उद्यान ११ जुलैला उघडले, तेव्हा त्या राज्यात रुग्णसंख्या चढत होती. कॅलिफोर्नियातले उद्यान १७ जुलैला उघडण्याचा कंपनीचा बेत होता. तिथल्या कामगार संघटनांनी राज्यपालांना पत्र लिहून सुरक्षिततेबद्दल शंका उपस्थित केल्या. राज्याचे नियमही तयार नव्हते. बेत लांबला आणि ते उद्यान उघडले ते ३० एप्रिल २०२१ रोजी. कंपनी एक, रोग एक, पाळणेही तेच; दोन राज्यांत उघडण्याच्या तारखांमध्ये नऊ महिन्यांहून अधिक अंतर. म्हणजे केव्हा उघडायचे हे केवळ विषाणू ठरवत नव्हता. कोणाचा आवाज किती पोचतो, हेही ठरवत होते.

आणि तरीही सप्टेंबर २०२० मध्ये याच कंपनीने आपल्या अमेरिकेतील उद्यानविभागातून २८ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ काम करणारे होते. फ्लोरिडात नटांच्या संघटनेने नियमित चाचणीचा आग्रह धरला, तेव्हा आधी तिच्या सभासदांना कामावरून बाहेर राहावे लागले. चाचणीची सोय झाल्यावर ऑगस्टमध्ये समझोता झाला. पूर्व जपानमधल्या उद्यानचालकांनी तर प्रेक्षकांना झोक्यावर ओरडू नका असे सांगितले, आणि एका उद्यानाने मनातल्या मनात किंचाळण्याचा सल्ला दिला. जगभर हसू झाले. कामगाराला मात्र हा सल्ला नवा नाही. मनातल्या मनात किंचाळणे तो पिढ्यानुपिढ्या करीत आला आहे.

या साऱ्याचे सार एका वाक्यात येते. उघडले तर धोका कामगाराचा. बंद ठेवले तर उपासही कामगाराचाच. मालकाच्या नुकसानीला बँक असते, पुनर्रचना असते, नवा खरेदीदार असतो. 'इमॅजिका'वर बँकांचे मोठे कर्ज होते; २०२२ मध्ये त्या कर्जाची तडजोड होऊन संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने तिचा ताबा घेतला. पाळणे वाचले, हे चांगलेच झाले. पण फडमालकाने सावकाराकडून घेतलेल्या कर्जाची तडजोड करायला कोणती बँक बसली? आकाशपाळण्याचा सांगाडा दोन पावसाळे गंजत पडला, त्या लोखंडाची पुनर्रचना कोणी केली? राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये सुमारे ५६ हजार कलावंतांना एकवेळ पाच हजार रुपये देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच, पण तोवर गेलेल्या दिवसांवर ही रक्कम वाटली तर रोजी दहा रुपयेही पडत नाहीत. ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर कोरोनाने संगमनेरात गेल्या त्या २५ मे २०२१ रोजी, म्हणजे या निर्णयाच्या आधीच.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. गर्दीने साथ पसरते, हे खोटे नाही. एप्रिल २०२१ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात लाखो माणसे जमली, त्या वेळी देशात दुसरी लाट उसळत होती. ते दृश्य अजून कोणी विसरलेले नाही. हिंगोली जिल्ह्यानेही मोल दिले आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान इथे बाधित आढळले. मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्यात संचारबंदी लागली. आणि कळमनुरीचे सुपुत्र, खासदार राजीव सातव, यांचे १६ मे २०२१ रोजी कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने पुण्यात निधन झाले. तेव्हा जत्रा आधी उघडायला हवी होती, असा आग्रह धरणे बेजबाबदारपणाचे होईल. काही जत्रा न भरणे हेच त्या वेळी शहाणपण होते.

मुद्दा वेगळा आहे. जत्रा बंद ठेवणे हे समाजाच्या हिताचे होते, तर त्या हिताची किंमत समाजाने द्यायला हवी होती. पूर आला की धरणाखालच्या गावाला हलवतात आणि हलवलेल्यांना छावणीत जेवू घालतात. साऱ्यांच्या रक्षणासाठी ज्याचा धंदा थांबवला, त्याला मात्र 'घरी राहा' एवढेच सांगितले गेले. हे औदार्याचे नव्हे, कायद्याचे काम आहे. साथरोगाचा १८९७ चा कायदा परक्या सरकारने केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा; त्याचा सारा रोख अधिकाऱ्यांना अधिकार आणि संरक्षण देण्यावर. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. आदेश एकीकडे आणि सेवा दुसरीकडे, अशी ही फार जुनी फाळणी आहे. पण त्या कठोर कायद्यातही खर्च कोणी सोसायचा हे ठरवण्याचा अधिकार सरकारला देताना 'भरपाई असल्यास' हा शब्द घालावासा वाटला. स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्याच्या पुढे जातो. त्याच्या बाराव्या कलमात मदतीचे किमान निकष सांगताना उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्यासाठीच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. टाळेबंदीचे आदेश याच कायद्याखाली निघाले. कुलूप लावणारी कलमे वापरली गेली. भाकरी देणारे कलम पुस्तकातच राहिले.

मग करायचे काय? राग व्यक्त करून हे काम संपत नाही. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली तेव्हा तयारी नव्हती, असे पुन्हा म्हणण्याची वेळ येऊ नये.

पहिली गोष्ट नोंदीची. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड हजार रुपये देण्याचे ठरवले. शहरात ज्याचे नाव नोंदलेले होते त्याच्यासाठी ही मदत होती. जो आज हिंगोलीत, उद्या माळेगावला आणि परवा औंढ्याला, त्याचे नाव कुठल्या शहराच्या वहीत असणार? जत्रेतले दुकानदार, पाळणेवाले, त्यांचे मजूर, फडातले ढोलकीवाले, नाचणाऱ्या बायका, कनात ठोकणारे, यांची जिल्हावार नोंद झाली पाहिजे आणि ती नोंद राज्यभर चालली पाहिजे.

दुसरी गोष्ट निर्णयातल्या वाट्याची. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. हेच सूत्र जत्रेला लावावे. प्रत्येक मोठ्या जत्रेसाठी नगर परिषद वा पंचायत, आरोग्य अधिकारी, देवस्थान आणि जत्रेवर जगणारे यांची समिती असावी. जत्रा भरवायची की नाही, भरवली तर किती पाळणे, किती अंतरावर, किती दिवस, हे तिने गावातला आजार पाहून ठरवावे. मुंबईतला एकच आदेश मुंबईच्या चित्रपटगृहाला आणि कळमनुरी तालुक्यातल्या माळावरच्या जत्रेला सारखाच कसा लागू पडेल? जत्रा बंद ठेवण्याचा निर्णय झाला तर तोही याच समितीत, त्या माणसांच्या तोंडावर व्हावा. ज्याला कारण सांगितले जाते तो बंधन पाळतो. ज्याला केवळ हुकूम मिळतो तो पळवाट शोधतो.

तिसरी गोष्ट बंदच्या भत्त्याची. बंद जाहीर करणाऱ्या आदेशातच मदतीची रक्कम आणि ती पोचण्याची मुदत लिहिलेली असावी. मदतीचा आदेश दीड वर्षाने निघणार असेल, तर तिला मदत म्हणणे कठीण आहे.

चौथी गोष्ट क्रमाची. दारे उघडण्याचा क्रम आधीच ठरलेला असावा आणि त्यात सर्वांत वर शाळा असावी. त्यानंतर उघड्या हवेतली उपजीविका, नंतर बंदिस्त जागा. महसूल कोणत्या दारातून अधिक येतो, यावर हा क्रम लागता कामा नये.

या चारही गोष्टी मंत्रालयात सुरू होतील, याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट तर कळमनुरीतूनच सुरू होऊ शकते. येत्या दसऱ्याला रामलीला मैदानावर पाळणे उभे राहतील, तेव्हा कार्यकर्त्यांनी एक वही घेऊन जावे. प्रत्येक पाळण्याखाली, प्रत्येक पालाशी थांबून विचारावे: नाव काय, गाव कोणते, बरोबर माणसे किती, त्या दोन वर्षांत काय खाल्ले, कर्ज किती झाले आणि त्यातले किती अजून बाकी आहे. उत्तरे लिहून घ्यावीत, वाचून दाखवावीत आणि खाली त्यांची सही वा अंगठा घ्यावा. ती वही मग नगर परिषदेच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी. ज्यांना फाटक नाही, त्यांची ती वही हेच पहिले फाटक होईल. आणि पुढच्या वेळी टाळे लावण्यापूर्वी शासनाला त्या फाटकावर येऊन थांबावे लागेल.